भिवंडी ते बनारस: अंतर आणि वेळ

मुंबई आणि वाराणसी या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १,२५० किलोमीटर आहे. विमान ते दोन-सव्वादोन तासांत कापते. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे बनारसकडे जाताना विमानाला रेटा मिळतो आणि परतताना थोडा जास्त वेळ लागतो. भिवंडीत विमानतळ नाही, तरी या वाटेशी गावाचे जुने नाते आहे. इथल्या यंत्रमागांवर राबणाऱ्या अनेकांचा मुलूख पूर्व उत्तर प्रदेशात, आझमगड, मऊ, बनारस या पट्ट्यात आहे.

तिकडचे मोमीन विणकर १८५७ च्या उठावानंतर भिवंडी-मालेगावकडे येऊ लागले. तेव्हा उत्तरेची वाट म्हणजे आग्रा रोड: ठाणे, कशेळी, भिवंडी, पडघा, शहापूर आणि पुढे थळ घाट. रेल्वे १८५४ मध्येच कल्याणला पोचली होती, १८६५ मध्ये ती थळ घाट चढली आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरला दोन कंपन्यांचे रूळ जुळले. मुंबईहून अलाहाबादपर्यंत सलग गाडी झाली आणि पायवाटेचे महिने काही दिवसांवर आले. मात्र हा लोहमार्ग खाडीच्या पलीकडून गेला. भिवंडी आग्रा रोडवर असूनही रुळाबाहेर राहिली, आणि मुलुखाला जाणाऱ्याने आधी दहा-बारा किलोमीटरवरचे कल्याण गाठायचे, ही रीत पडली. ती आजही मोडलेली नाही. वसई-दिवा मार्गावर १९८० च्या दशकात भिवंडी रोड स्थानक आले, पण लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी भिवंडीकर कल्याणच धरतो. तिथून बनारस रेल्वेने जवळपास दीड हजार किलोमीटर, म्हणजे एक दिवस आणि वर काही तास.

स्वस्त विमानसेवा २००३ नंतर सुरू झाली आणि कारखानदारांबरोबर काही कारागीरही विमानाने जाऊ लागले. त्यांचा खरा वेळ जातो तो जमिनीवर. भिवंडी ते मुंबईचा सहार विमानतळ सरळ रेषेत तीसेक किलोमीटरच आहे, पण मध्ये कशेळीचा पूल, माणकोली नाका आणि माजिवडा आहे. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ इथली गोदामे मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून वाढली. जकात २०१७ मध्ये गेली, गोदामे आणि त्यांचे कंटेनर राहिले. घरातून निघून विमानात बसेपर्यंतचा वेळ बहुधा उड्डाणापेक्षा जास्तच भरतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा विमाने आणि गाड्या दोन्ही थांबल्या. माग बंद पडले, मजुरी थांबली आणि डोक्यावर बोचके घेऊन माणसे पुन्हा आग्रा रोडने कसाऱ्याच्या दिशेने पायी निघाली. मेच्या सुरुवातीला गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली, ती मात्र कल्याणहून नव्हे, भिवंडी रोडवरून. एरवी दुर्लक्षित राहिलेले हे स्थानक त्या वेळी कामी आले.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली. नकाशावर तो भिवंडीपासून सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर, सहारपेक्षा किंचित लांब. ठाण्याची कोंडी त्या वाटेवर बरीच टळते. पण मुंब्रा बायपास आणि शीळफाटा लागतोच, आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे ट्रकही त्याच रस्त्याने धावतात.