ड्रोन व खासगीपणा : भारतीय कायदा
मानवरहित विमानाच्या, म्हणजे ड्रोनच्या, वापरातून व्यक्तीच्या खासगीपणाला बाधा येऊ नये यासाठी लागू होणाऱ्या कायदेशीर तरतुदी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. ड्रोन नियम, २०२१ मध्ये वजनानुसार नॅनो (२५० ग्रॅमपर्यंत) ते मोठे (१५० किग्रॅ.हून अधिक) असे पाच वर्ग असून हवाई क्षेत्राची लाल, पिवळी व हिरवी अशी विभागणी आहे. मात्र हे नियम मुख्यतः सुरक्षिततेचे आहेत. त्यांच्याआधी मार्च २०२१ मध्ये आलेल्या नियमांत चित्रणाच्या वेळी खासगीपणा जपण्याचे स्पष्ट बंधन होते. ते नव्या नियमांत उरले नाही.

त्यामुळे तक्रारदाराला सर्वसाधारण कायद्यांचा आधार घ्यावा लागतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ ई नुसार संमतीशिवाय खासगी अवयवांचे चित्रण केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीचे चोरून निरीक्षण वा चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घराच्या गच्चीवरून वा अंगणावरून नुसते घिरट्या घालणारे ड्रोन या व्याख्यांत सहजी बसत नाही.