साक्षीची किंमत

राज्यकारभारातील लाचलुचपत नाहीशी करावयाची तर त्यासाठी सामान्य नागरिकाने काही सोसले पाहिजे काय, हा प्रश्न वरवर पाहता अन्यायाचा वाटतो. लाच घेतो अधिकारी. ती देताना नाडला जातो सामान्य माणूस. आणि पुन्हा त्या लाचेचा बंदोबस्त होण्यासाठी झीजही त्यानेच सोसावयाची, हा कुठला न्याय? सरकारने आपले घर आपण झाडावे, प्रजेने त्यात का पडावे, असा हा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु इतिहासाची पाने चाळली म्हणजे प्रश्नाची मांडणीच बदलते. सामान्य माणसाने झीज सोसावी की न सोसावी, असा पर्याय त्याच्यापुढे फारसा कधी नव्हताच. तो सोसतच आला आहे. प्रश्न एवढाच की, ती झीज लाच पोसण्यासाठी व्हावी की ती मोडण्यासाठी.

पेशवाई बुडाल्यानंतर जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यात मराठी हिशेबातील एका रकमेची मोठी बोधप्रद हकीकत आली आहे. ती रक्कम म्हणजे दरबारखर्च. तिलाच अंतस्थ असेही म्हणत, आणि नावाप्रमाणेच ती आतल्या आत द्यावयाची रक्कम होती. मामलेदाराने पुण्यास जाऊन हिशेब रुजू करावयाचा, तर दरबारातील कारभारी आणि हिशेब तपासणारे कारकून यांचे हात ओले करावे लागत. हा पैसा मामलेदार आपल्या पदरचा थोडाच घालणार? तो रयतेकडून जादा पट्टी बसवून वसूल होई. पुढे ही लाच इतकी अंगवळणी पडली की, तिचे ठरीव दस्तुरीत रूपांतर झाले आणि इतर खर्चाच्या रकमांप्रमाणे तिचाही हिशेब रीतसर तपासला जाऊ लागला. पण लाच उघड्यावर आली म्हणून लाच घेणाऱ्याची भूक भागली असे झाले नाही. ठरीव दस्तुरीच्या वर आणखी नवी गुप्त रक्कम द्यावी लागू लागली, आणि तिच्यासाठी रयतेवर आणखी नवी वसुली बसली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी तर मामलतीच इजाऱ्याने, म्हणजे सर्वांत चढी बोली बोलणाऱ्यास मिळू लागल्या. दरबारात दिलेला प्रत्येक रुपया अखेर कोणत्या तरी गावच्या कुणब्याच्या खळ्यावरून उचलला जात होता. कुणब्याने लाच दिली नव्हती, लाच घेतलीही नव्हती. दोन्ही अपराधांचा दंड मात्र तोच भरीत होता.

इंग्रजांच्या कारभाराचा आरंभही काही निर्मळ नव्हता. प्लासीच्या लढाईनंतर कंपनीच्या नोकरांनी बंगालमध्ये नजराण्यांचा जो बाजार मांडला, तो इतिहासात कुप्रसिद्ध आहे. १७६५ साली क्लाइव्हने नजराणे न घेण्याचे करार कंपनीच्या नोकरांकडून लिहून घेतले. पण लिहून घेणारा स्वतः नजराण्यांनी गबर झालेला होता. खरा उपाय योजला तो कॉर्नवॉलिसने. नोकराला पोटापुरते मिळत नाही म्हणून तो लाच खातो, असे निदान करून त्याने पगार वाढविले. कलेक्टरला दरमहा १५०० रुपये आणि शिवाय वसुलीवर दलाली, अशी व्यवस्था झाली. हा उपाय बऱ्याच अंशी लागू पडला, हे मान्य केले पाहिजे. तथापि तोही फुकट पडला नाही. भरघोस पगारांचा बोजा शेतसाऱ्यावर पडला, आणि मोठ्या जागा हिंदी माणसांना बंद झाल्या. शिवाय पगार वाढला म्हणजे लोभ सरतो, हा सिद्धांत सर्वांना सारखा लागू पडत नाही, याचा पुरावा शंभर वर्षांच्या आत खुद्द पुण्यातच मिळावयाचा होता.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे नाव मुंबईकरांना अनोळखी नाही. १८६५ साली तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने शहराचे आरोग्य आणि रस्ते सुधारले, १८६९ साली उभ्या राहिलेल्या मोठ्या मंडईला त्याचे नाव मिळाले. आणि अफाट खर्चाबद्दल करदात्यांचा रोष ओढवून १८७१ साली त्याला ते पद सोडावे लागले. कर्तबगार, हुशार, पण खर्चिक आणि सदैव कर्जबाजारी असा हा अधिकारी पुढे मध्य भागाचा कमिशनर म्हणून पुण्यास आला. कमिशनरच्या हाती मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या होत्या. मामलेदार म्हणजे तालुक्याचा वसुली अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटही. बढती हवी असेल तर पैसे, गैरसोयीची बदली टाळावयाची असेल तर पैसे, अशी कुजबुज सर्वत्र चालू होती. हणमंतराव राघवेंद्र नावाचा मध्यस्थ ही देवघेव जमवितो, हेही लोक जाणत होते. सारे जाणत होते, बोलत कोणीच नव्हते.

१८८८ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी हाती घेतली, तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती हीच. लाचेच्या व्यवहाराला दोनच साक्षीदार असतात, देणारा आणि घेणारा. घेणारा बोलणार नाही हे उघडच होते. देणारा बोलला तर तो आपल्याच तोंडाने आपला गुन्हा कबूल करतो. म्हणून सरकारने मामलेदारांना अभय दिले. खरे सांगाल तर तुमच्यावर खटला होणार नाही आणि तुमची नोकरीही जाणार नाही, असे आश्वासन पोलिसखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत देण्यात आले. या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. हणमंतरावाला शिक्षा झाली. क्रॉफर्डने वेष पालटून पुण्याहून निसटण्याचा प्रयत्न केला. तो मुंबईत पकडला गेला. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले गेले, आणि त्याच्यापुढे एकामागून एक मामलेदारांनी साक्षी दिल्या.

या साक्षींची किंमत आज नीट ध्यानात येणे कठीण आहे. क्रॉफर्ड गोरा होता, सनदी नोकर होता, तीस वर्षांहून अधिक काळ कारभारात मुरलेला होता. त्याच्याविरुद्ध बोलणारा मामलेदार हा काळा, दुय्यम आणि उद्या दुसऱ्या एखाद्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली जावयाचा असलेला मनुष्य होता. आपण पैसे दिले हे भर चौकशीत सांगणे म्हणजे तालुक्यात मिळविलेली अब्रू स्वतःच्या हाताने उतरविणे होते. आणि एवढे करून फळ काय मिळाले? लाच घेतल्याचा आरोप कमिशनच्या मते शाबीत झाला नाही. हाताखालच्या प्रदेशातील लोकांकडून कर्ज काढल्याचा दोष तेवढा क्रॉफर्डच्या माथी आला, आणि त्याबद्दल तो नोकरीतून दूर झाला. विलायतेस परत जाऊन त्याने आठवणींची पुस्तके लिहिली.

त्यानंतर वादळ फिरले ते मामलेदारांवर. ज्यांनी पैसे देऊन जागा मिळविल्याचे स्वमुखाने कबूल केले, ते न्यायासनावर कसे बसू शकतात, असा सवाल विलायतेतील पार्लमेंटात आणि येथील अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांत उठला. पदांच्या खरेदीविक्रीविरुद्धचा १८०९ सालचा विलायती कायदा पुढे करण्यात आला. तत्त्वतः तो सवाल चुकीचा होता असे म्हणवत नाही. पैसे मोजून मिळविलेले न्यायासन हे कलंकित न्यायासनच होय. परंतु तो कलंक सरकारला आश्वासन देतानाही ठाऊक होता. कलंक ठाऊक असून शब्द दिला, त्या शब्दावर साक्ष मिळविली, आणि काम झाल्यावर कलंकाचे स्मरण झाले, हे राजनीतीत बसले तरी नीतीत बसत नाही. नेमक्या याच मुद्द्यावर टिळक उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांतून त्यांनी हे प्रकरण लावून धरले; सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा भरली, आणि विलायतेतील हितचिंतकांनाही साद घालण्यात आली. मामलेदार निर्दोष आहेत असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळावा, एवढीच मागणी होती. अखेर साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा खास कायदा १८८९ साली करावा लागला. दडपणाखाली पैसे देणारे आणि आपण होऊन फायद्यासाठी देणारे असा भेद करण्यात आला, आणि दुसऱ्या वर्गातील काही मामलेदारांची नोकरी गेलीच. पैशाने भरून निघणारे ते नुकसान नव्हते.

या कथेत एक पात्र मात्र पडद्याआड राहिले आहे. मामलेदारांनी क्रॉफर्डला दिलेला पैसा आला कोठून? महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला. सरकारी कामगार आणि कारकून अडाणी शेतकऱ्याला कसे नाडतात, त्याचे कागद कसे अडवितात आणि त्याच्याकडून पैसा कसा काढतात, याचे त्यांनी केलेले वर्णन क्रॉफर्ड प्रकरणाच्या पाचच वर्षे आधीचे आहे. सर्वच मामलेदार रयतेला लुटीत होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वरिष्ठाला द्यावयाचा पैसा खालून वर चढत जातो, हा दरबारखर्चाचा जुना नियम इंग्रजी अमलात रद्द झाला होता असे मानावयास आधार नाही. कमिशनपुढे मामलेदारांची साक्ष झाली. कुणब्याची झाली नाही. ज्या मंडईला क्रॉफर्डचे नाव होते, तिला पुढे महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. इतिहासाने उशिरा का होईना, पण एका साक्षीदाराची नोंद घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सुटला नाही. त्याचे स्वरूप मात्र बदलले. भ्रष्टाचार प्रतिबंधाचा कायदा १९४७ सालीच झाला. १९५२ साली दंडसंहितेत कलम घालून लाच देणाऱ्यालाही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरविण्यात आले. संथानम समितीच्या शिफारशीनुसार १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. १९८८ साली नवा कायदा आला, आणि त्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने असे ठरविले की, लाच देणे हा गुन्हा आहे. मात्र ज्याला ती नाइलाजाने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर तो सुटेल. म्हणजे दडपणाखाली देणारा आणि आपण होऊन देणारा हा १८८९ सालचा भेद पुन्हा कायद्यात अवतरला. फरक एवढाच की, आता निवड करण्यासाठी नागरिकाला सात दिवस मिळतात.

ती निवड सोपी नसते. २००२ साली बिहार-झारखंडकडील महामार्गाच्या कामावर असलेल्या सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने तेथील गैरप्रकारांविषयी पंतप्रधानांना पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे दुबे यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने हा लुटीचा प्रकार मानला आणि २०१० साली न्यायालयाने तिघांना शिक्षा दिली. हत्येचे कारण काहीही असो. नाव गुप्त ठेवण्याची विनंती पाळली गेली नाही, एवढे निर्विवाद आहे. तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला. त्यानंतर कित्येक वर्षे तो अमलात आणला गेला नाही.

याउलट राजस्थानातील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ सालाच्या अखेरीस गावोगाव जनसुनावण्या भरविण्यास आरंभ केला. दुष्काळी कामांची हजेरीपत्रके भर सभेत वाचली जाऊ लागली. कधी मेलेल्यांची नावे मजुरांत निघाली, कधी न बांधलेल्या बांधकामांची बिले निघाली. अंगठा उठविणारा मजूर सर्वांसमोर उभा राहून सांगू लागला की, हे पैसे मला मिळाले नाहीत. काही सरपंचांनी रकमा परतही केल्या. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे चालले. शेतमजुरांना या दिवसांची मजुरी बुडवावी लागली, आणि शहरातील लोकांनी धान्य व पैसा पुरवून त्यांना साथ दिली. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली आणि देशभरासाठी २००५ साली झाला, त्यामागे या बुडालेल्या मजुरीचाही वाटा आहे.

पुण्याचे मामलेदार आणि राजस्थानातील मजूर यांची तुलना केली म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येऊ लागते. झीज दोघांनीही सोसली. पण मामलेदार एकएकटा बोलला. त्याच्या मागे सरकारच्या एका शब्दापलीकडे काही नव्हते, आणि तो शब्द डळमळताच तो उघडा पडला. मजूर गावासह बोलला. त्यामुळे एकट्याला चिरडून टाकील असे ओझे पुष्कळांच्या खांद्यांवर वाटले गेले. भ्रष्टाचाराच्या निवारणासाठी नागरिकाने त्याग करावा, असे म्हणण्याचा अधिकार राज्याला आहे काय? आहे, परंतु साक्षीदाराला दिलेला शब्द जे राज्य पाळते, त्यालाच तो आहे. शब्द मोडून त्याग मागणारे राज्य नागरिकाकडून दरबारखर्चच मागत असते. फक्त खर्चाचे नाव बदललेले असते.

आणि नागरिकाची बाजू? प्रत्येकाने हुतात्मा व्हावे अशी अपेक्षा कोणत्याही समाजाला करता येत नाही, आणि ज्या समाजाला हुतात्म्यांवाचून प्रामाणिक कारभार मिळत नाही, तो समाज निरोगी नव्हे. परंतु आपले काम चार दिवस उशिरा झाले तरी चालेल, रांगेतील आपला नंबर मागे राहिला तरी चालेल, पण आतून द्यावयाची रक्कम द्यावयाची नाही, एवढी लहान झीज पुष्कळांनी सोसली, तर मोठी झीज सोसण्याची पाळी थोड्यांवर येईल. जो बोलला त्याला एकटे पडू न देणे, हीदेखील एक झीजच आहे. १८८९ साली पुण्याच्या सभेला जे लोक जमले, त्यांतील बहुतेकांचा मामलेदारांशी काहीही संबंध नव्हता. त्यांनी दिला तो एका संध्याकाळचा वेळ, आणि सरकारच्या डोळ्यांवर येण्याचा थोडासा धोका. तेवढ्यानेही कलकत्त्यापासून लंडनपर्यंतच्या सत्तेला साक्षीदारांसाठी कायदा करण्याचा विचार करावा लागला.