पौर्णिमेला तंबू कुठे ठोकायचा?

या भागाचं निमित्त म्हणजे माझ्या भाचीचा फोन. ती नववीत आहे, शाळेत गाइड आहे. तिच्या संघातल्या आठ मुली डिसेंबरात अलिबागजवळ दोन रात्री शिबिराला चालल्यात. सोबत दोन ताई आहेत, पण तंबू, स्वयंपाक, पहारा हे सगळं मुलींनीच बघायचं. तिने विचारलं, "मामा, समुद्राकाठी राहायचं तर आधी काय शिकू?" मी टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी असं नेहमीचं सांगून फोन ठेवला, आणि मग मला नागावची रात्र आठवली.

मीही तेव्हा नववीत. स्काउट, म्हणजे आमच्या भाषेत बालवीर, आणि वर संघनायक. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही नागावला पोचलो तर किनारा केवढा रुंद दिसत होता! वाळू घट्ट, सपाट. सरांनी तिथेच तंबू ठोकायला सांगितले. शेजारच्या वाडीतल्या एक आजी लाकडं वेचत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरांनो, आज पुनव हाय, वर सरका." सर हसले. आम्हीही हसलो. रात्री अकराला माझ्या पाठीखालची सतरंजी ओली झाली. पुढची पंधरा मिनिटं काय झालं ते नीट सांगता येत नाही. कुणाचे बूट गेले, तांदळाचं पोतं भिजलं, एक लहान मुलगा सापडेना. तो सुरूच्या झाडाखाली रडत बसलेला होता, म्हणून आज हे तुम्हाला हसून सांगता येतंय. मला मात्र सरांपेक्षा माझंच जास्त लागून राहिलं. मी संघनायक होतो, आजींचं बोलणं मी ऐकलं होतं, आणि मी गप्प राहिलो.

आता संघनायक ही कल्पना आली कुठून ते बघू, कारण गंमत म्हणजे तीही समुद्राकाठीच जन्मली. ऑगस्ट १९०७. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचं ब्राउनसी बेट. बेडन-पॉवेल हा लष्करी अधिकारी वीसेक मुलं घेऊन तिथे तंबूत राहिला. काही बड्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची. त्याने त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यातल्याच एका मुलावर टाकली. माझ्या मते त्या शिबिरातली खरी नवी गोष्ट हीच. गाठी मारणं, चूल मांडणं हे जगभर लोक करतच होते. एका संघाचं नाव होतं कर्ल्यू, लांब वाकड्या चोचीचा पक्षी. हिवाळ्यात आपल्या अक्षीच्या किनाऱ्यावरही तो दिसतो, दुर्बीण असेल तर बघा.

भारतात ही चळवळ १९०९ मध्ये बंगळुरात आली, पण सुरुवातीला गोऱ्यांच्या मुलांपुरती. हिंदी मुलांना दार बंद. मग १९१७ साली मद्रासला ॲनी बेझंट यांनी आणि १९१८ साली अलाहाबादला मालवीय, कुंझरू, बाजपेयी यांनी आपापल्या बालवीर संघटना काढल्या. नंतरची भांडणं आणि फाटाफूट बरीच आहे, ती सोडून देतो. ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झालं, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाइड संघटनाही त्यात आली. माझ्या भाचीचा गणवेश इथून येतो.

पण या इतिहासातलं एक पान शिबिराच्या भाषणात कुणी वाचत नाही. ४ ऑगस्ट १९१२. लंडनच्या वॉलवर्थ भागातलं एक बालवीर पथक होडीने शिबिराला निघालं होतं. थेम्सच्या मुखाशी शेपी बेटाजवळ, लेसडाउनला, होडी उलटली आणि नऊ मुलं बुडाली. देश हादरला. मृतदेह लंडनला आणायला आरमाराने युद्धनौका पाठवली. मात्र त्यानंतर मुलांना पाण्यापासून दूर ठेवायचं असं ठरलं नाही. समुद्री बालवीरांची शाखा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती, ती चालू राहिली, आजही आहे. मुलांना होडी आणि पाणी शिकवणं हेच तिचं काम.

आता आपल्याकडे या. १ फेब्रुवारी २०१६, मुरुड. पुण्याहून सहलीला आलेल्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. रायगडच्या किनाऱ्यावर हा दिवस कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि त्यांचा सूर असा की समुद्र, नदी, डोंगरकडा अशा जागा टाळाच. मी त्या पालकांच्या जागी असतो तर मीही हेच मागितलं असतं. पण टाळल्याने मूल शिकत नाही. ते पुढे अठराव्या वर्षी मोटारसायकल काढून मित्रांबरोबर काशिदला जातंच, फक्त काहीही माहीत नसताना जातं.

मग शिकवायचं काय? आमच्या आजींना जे माहीत होतं तिथून सुरू करू. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे पंधरा, तर सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. घड्याळ थोडं मागेपुढे होतं, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून बघायचंच. पण नागावचं कोडं यात सुटतं. पौर्णिमेला पाच-साडेपाचला ओहोटी असते, आणि उधाणाची असल्याने पाणी सगळ्यात लांब गेलेलं. किनारा सर्वांत रुंद दिसतो तो नेमका त्याच संध्याकाळी! रात्री अकरा-बाराला तेच पाणी सर्वांत वर येतं.

इथे एक इशारा. मी जुनं पंचांग काढून बघितलं, मुरुडच्या त्या दिवशी वद्य अष्टमी होती. म्हणजे उधाण नाही, भांग, जेव्हा भरती-ओहोटीतलं अंतर कमी असतं. तेव्हा नुसत्या गणितावर विसंबून पाण्यात उतरायचं नाही. कुठल्या किनाऱ्यावर खड्डा आहे, कुठे पाणी आत ओढतं, हे तिथल्या कोळ्यालाच ठाऊक. त्याला विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर नको. ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरकायचं.

भाचीला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. तंबू वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्या बराच वर, पण माडाखाली नाही, नारळ डोक्यात पडतो. वाडी असेल तर मालकाला विचारून. बूट झटकून घालायचे, कोकणात फुरसं असतं. अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल नाही. आणि रोज एका मुलीने भरतीची वेळ काढून चुलीपाशी लिहून ठेवायची. ताईंनी नाही, मुलीनेच. शिवाय मोठ्या माणसाचं चुकतंय असं वाटलं तर बोलायची परवानगी आधीच मागून घ्यायची. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं.

चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. शिबिराची तारीख पौर्णिमेची ठरली होती, आणि त्यांना चालत कुलाबा किल्ल्यातही जायचं होतं.

"मामा, आम्ही तारीख पुढे ढकलायला लावली. तृतीया घेतलीय. तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठला."

"बरं. मग?"

"साडेसातला निघायचं, साडेनऊच्या आत परत. किल्ल्यात कुणाचे फोटो राहिले तरी."

"ताई काय म्हणाल्या?"

"ताई म्हणाल्या, अष्टमी घे ना, ओहोटी बाराला, निवांत जेवून जाऊ. मी सांगितलं, अष्टमीला भांग असतो, वाट नीट उघडी पडणार नाही."