नाक दाबलेल्या गाड्या

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मोटारीच्या इंजिनावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. आम्हाला वाटत नाही. नियम कशाला म्हणायचं, तो पाळणं म्हणजे काय आणि पाळल्याचं दाखवणं म्हणजे काय, हे प्रश्न आम्ही वर्गात बरीच वर्षं चघळले. त्यांचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला ग्रंथांत क्वचितच सापडलं. ते सापडलं एका शर्यतीच्या गाडीत, हवा आत घेणाऱ्या भोकापाशी.

आधी थोडा हिशोब. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. ते अर्धंच खरं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ 9 घनमीटर हवा. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण तीन फूट उंचीपर्यंत भरेल एवढी! पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं, पंप मोठा केला की झालं. अवघड असतं ते तेवढी हवा सिलिंडरच्या आत घालणं. म्हणून इंजिनाची ताकद किती, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: त्याचा श्वास किती.

हे कळलं की तरुण मंडळींचा एक आवडता खर्चही कळतो. कागदाचा फिल्टर काढायचा, तेल लावलेल्या सुती कापडाचा "स्पोर्ट्स" फिल्टर बसवायचा आणि गाडी आता पळते म्हणायचं. साध्या रस्त्यावरच्या गाडीत कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तो मुळात फारसा अडथळा करतच नाही. मग वाढतो तो आवाज, आणि कानाला आवाज म्हणजे वेग वाटतो. तुंबलेल्या फिल्टरची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 साली मुद्दाम फिल्टर तुंबवून चाचण्या घेतल्या. संगणकाच्या ताब्यातल्या आधुनिक इंजिनात मायलेजवर जवळजवळ काही परिणाम दिसला नाही, पण वेग पकडताना गाडी मंदावली. फिल्टरपेक्षा हवा कुठून घेतो याला जास्त महत्त्व आहे. बॉनेटखालची 50 अंशांची हवा बाहेरच्या 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. नवा फिल्टर गरम इंजिनाशेजारी उघडा बसवला, तर पैसे देऊन ताकद कमी केल्यासारखं व्हायचं.

आणि फिल्टर काढूनच टाकला तर? धुळीतले वाळूचे कण पिस्टनच्या रिंगा घासून खातात. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली बघा. डॅटसन 240 झेड ही स्पोर्ट्स कार ती रॅली 1971 आणि 1973 साली जिंकली. 1973 चा विजेता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस. हजारो किलोमीटर लाल धूळ. तिथे चार घोडे जास्त मिळावेत म्हणून फिल्टर काढणारा शेवटपर्यंत पोचायचा नाही.

आता मुख्य इतिहासाकडे येऊ. हवा जास्त कशी घ्यायची यावर दोन मतं फार पूर्वीपासून आहेत, आणि त्यांचा गाजलेला सामना 1930 च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत झाला. एका बाजूला डब्ल्यू. ओ. बेंटली. त्यांचं म्हणणं, ताकद हवी तर फुप्फुसं मोठी करा. 3 लिटर, 4½, 6½. पंपाने हवा कोंबणं त्यांना इंजिनाच्या मूळ रचनेचा बिघाड वाटे. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच गाड्या चालवणारा टिम बर्किन. त्याने डोरोथी पॅजेट या धनवान बाईंच्या पैशावर 4½ लिटरच्या बेंटलीला पुढे, रेडिएटरच्याही पुढे, भला मोठा सुपरचार्जर लावला. म्हणजे निर्माता एका मताचा आणि त्याच्याच नावाची गाडी दुसऱ्या मताची!

समोर होती रुडॉल्फ काराचिओलाची 7 लिटरची मर्सिडीज. तिचा सुपरचार्जर कायम चालू नसे. पायाखालचा पेडल तळापर्यंत दाबला की तो किंचाळत जागा व्हायचा. बर्किनने टायरचा वरचा थर उडत असतानाही तिला मागे टाकलं. ते दृश्य अजून सांगितलं जातं. पण चोवीस तासांनंतर काय दिसलं? मर्सिडीज बंद, सुपरचार्जरवाल्या दोन्ही बेंटली बंद, आणि पहिली आली ती वूल्फ बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांची साधा श्वास घेणारी 6½ लिटरची स्पीड सिक्स. त्या दिवशी म्हातारं मत जिंकलं. पुढच्या काळाने मात्र बर्किनचं ऐकलं. एग्झॉस्टच्या वाफाऱ्यावर फिरणारा टर्बो आला आणि लहान इंजिनाला दुप्पट हवा मिळू लागली.

याची किंमत 1986 साली कळली. रॅलीच्या "ग्रुप बी" गाड्यांत लँचिया डेल्टा एस 4 ही एक. इंजिन जेमतेम 1.8 लिटरचं, पण त्यावर सुपरचार्जरही आणि टर्बोही, आणि ताकद साडेचारशे अश्वशक्तीच्या वर. त्या वर्षी मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड प्रेक्षकांत घुसली आणि तिघे गेले. मे महिन्यात कॉर्सिका बेटावर हेन्री टॉइव्होनेन आणि त्याचा साथीदार सर्जिओ क्रेस्टो त्या लँचियात जळून मेले. पुढच्या वर्षापासून ग्रुप बी बंद.

मग प्रश्न आला, ताकद रोखायची कशी? डोंगरातल्या गावात, रात्री, पावसात प्रत्येक गाडीचं इंजिन उतरवून ताकद मोजता येत नाही. पण भोक मोजता येतं. टर्बोच्या तोंडाशी एक अरुंद कडं बसवायचं, रेस्ट्रिक्टर, आणि सगळी हवा त्यातूनच गेली पाहिजे असा नियम करायचा. 1995 साली त्याचा व्यास होता 34 मिलिमीटर. यातली गंमत अशी की अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचला, की पुढून टर्बोने कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. 34 मिलिमीटरमधून सेकंदाला दोनशे ग्रॅमच्या आसपास हवा जाते, आणि तेवढ्या हवेत साधारण तीनशे अश्वशक्ती निघते. निसर्गच पहारेकरी झाला. आम्हाला हा नियम फार सुंदर वाटतो.

नाक दाबलं की तोंड उघडतं, म्हणतात ना? हुशार इंजिनिअरांनी ते दोन तऱ्हांनी उघडलं. पहिली तऱ्हा सरळ. कडं आवळतं ते इंजिन वेगात फिरताना, जेव्हा हवा खूप लागते. मग कमी फेऱ्यांनाच टर्बोचा दाब वाढवा, तिथे जोर काढा! रॅलीची इंजिनं तशीच घडत गेली. वरची ताकद ठरलेली, पण कोपऱ्यातून निघताना खेच जबरदस्त. ही नियमाच्या आतली बुद्धी.

दुसरी तऱ्हा टोयोटाची. ऑक्टोबर 1995, स्पेनमधली कॅटालुन्या रॅली. तपासनिसांना सेलिका जीटी-फोरच्या टर्बोत एक करामत सापडली. आत दडवलेल्या स्प्रिंगा होत्या. होजची क्लिप नेहमीसारखी आवळलेली असताना रेस्ट्रिक्टर आपल्या जागेवरून सुमारे 5 मिलिमीटर सरकलेला राही, आणि त्याच्या बाजूने जास्तीची हवा टर्बोत शिरे. अंदाज होता पंचवीस टक्के जास्त हवेचा, म्हणजे पन्नासेक अश्वशक्तीचा. तपासायला होज काढली की स्प्रिंगा कडं परत जागेवर बसवत. आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी शिक्षा सुनावताना त्या कारागिरीची तारीफही केली. स्प्रिंगासुद्धा हवेला अडथळा नको म्हणून घासून गुळगुळीत केल्या होत्या.

इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. काही जण म्हणतात ही पळवाट होती. नाही. पळवाटेत नियमाचे शब्द तुमच्या बाजूने असतात. इथे भोक 34 मिलिमीटरचंच होतं हे खरं, पण सगळी हवा त्यातूनच जावी हेही लिहिलेलं होतं. आणि खरी गोम त्याच्याही पुढे आहे. ती वस्तू पाहिली की एक असे आणि न पाहता दुसरी असे. तपासनिसाचा हात लागणं हाच तिच्यात होणाऱ्या बदलाचा खटका होता. नियम मोडणारे पुष्कळ असतात. तपासणी हाच यंत्राचा एक भाग करून टाकणारे थोडे. वीस वर्षांनी, 2015 साली, फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत हेच सॉफ्टवेअरने केलेलं उघड झालं. चाचणी चालली आहे हे ओळखून गाडी धूर कमी सोडी. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. फरक एवढाच की तिथे दाबलं गेलेलं नाक आपलं होतं.

टोयोटाचे आणि तिच्या चालकांचे त्या हंगामातले सगळे गुण रद्द झाले, संघावर बारा महिन्यांची बंदी आली. चालकांना यातलं काही ठाऊक होतं असा आरोप नव्हता, तरी युहा कांकुनेन आणि दिदिए ओरिओल या जगज्जेत्यांचं ते वर्ष पुसलं गेलं. हे न्याय्य होतं का, यावर आमचं मत होकाराकडे झुकतं, पण अडखळत. त्या जास्तीच्या हवेने मिळालेले सेकंद त्यांच्या नावावर होतेच, मागितलेले असोत वा नसोत.

पुढे टोयोटा कोरोला घेऊन परतली आणि 1999 चं उत्पादकांचं विजेतेपद तिने मिळवलं. मग निघून गेली. 2017 साली यारिस घेऊन पुन्हा आली. त्याच वर्षी रॅलीच्या नियमातलं भोक 33 वरून 36 मिलिमीटर झालं होतं.

आता प्रश्न घेऊ या.