‘हॉट सीट’वरील कसोटी

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषेत स्पर्धकाला प्रश्न विचारले जातात ते सामान्यज्ञानाचे. परंतु तेथे त्याची जी परीक्षा होते, ती केवळ सामान्यज्ञानाची नसते. उत्तर ठाऊक असणे, ते ठाऊक असल्याची खात्री असणे आणि त्या खात्रीवर हाती आलेली रक्कम पणाला लावणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाने भारतातील घराघरांत जे नाट्य पोहोचविले, ते या तिहींमधील अंतराचे होते.

पूर्वपीठिका

बक्षिसाच्या मोठ्या रकमा आणि प्रश्नमंजुषा यांची सांगड अमेरिकेत १९५०च्या दशकातच घातली गेली होती. मात्र तिचा शेवट बदनामीत झाला. ‘ट्वेंटी-वन’ या गाजलेल्या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन या विद्यापीठीय अध्यापकाला उत्तरे आधीच पुरविण्यात आली होती. १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे त्याने स्वतःच तशी कबुली दिली. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून अशा स्पर्धांचे निकाल आधी ठरविणे गुन्हा मानण्यात आले. स्पर्धकाच्या मुद्रेवरील ताण खरा आहे, हा प्रेक्षकाचा विश्वास हेच या खेळाचे भांडवल असते, हा धडा तेव्हा मिळाला.

भारतात या प्रकाराला निराळी परंपरा होती. ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ने आधी रेडिओवरून आणि नंतर दूरचित्रवाणीवरून शाळकरी मुलांना प्रश्नमंजुषेची गोडी लावली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘क्विझ टाइम’ने सिद्धार्थ बसू यांना घरोघरी ओळख मिळवून दिली. या कार्यक्रमांचे स्पर्धक प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांचे संघ असत आणि भाषा बहुधा इंग्रजी असे. पणाला लागे ती आपल्या संस्थेची प्रतिष्ठा. एकट्या माणसाने हिंदीतून प्रश्नांची उत्तरे देऊन एक कोटी रुपये जिंकावेत, ही कल्पना या परंपरेत नव्हती.

ती आली ब्रिटनमधून. ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर?’ हा कार्यक्रम ४ सप्टेंबर १९९८ रोजी तेथील ‘आयटीव्ही’ वाहिनीवर सुरू झाला आणि अल्पावधीत अनेक देशांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. भारतीय आवृत्तीची निर्मिती बसू यांच्याच संस्थेने केली आणि सूत्रसंचालन अमिताभ बच्चन यांच्याकडे आले. सोमवार ते गुरुवार रात्री नऊची वेळ त्या वर्षी देशातील असंख्य घरांत राखून ठेवली गेली.

नियमांची रचना

पहिल्या पर्वात दहा उमेदवारांमधून सर्वांत कमी वेळात अचूक क्रम लावणारा स्पर्धक ‘हॉट सीट’वर येई. त्याच्यापुढे पंधरा प्रश्नांची शिडी असे. एक हजार रुपयांपासून सुरू होणारी रक्कम पाचव्या प्रश्नाला दहा हजार, दहाव्याला तीन लाख वीस हजार, तेराव्याला पंचवीस लाख, चौदाव्याला पन्नास लाख आणि पंधराव्याला एक कोटीवर जाई. पाचवा आणि दहावा हे सुरक्षित टप्पे होते. तेथपर्यंत पोहोचलेल्या स्पर्धकाचे पुढील उत्तर चुकले, तरी त्या टप्प्याची रक्कम त्याच्याकडे राही. चार पर्यायांपैकी दोन चुकीचे पर्याय काढून टाकणे, प्रेक्षकांचा कौल घेणे आणि परिचिताला दूरध्वनी करणे अशा तीन ‘लाइफलाइन’ मदतीला असत.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची तरतूद म्हणजे प्रश्न वाचल्यानंतरही खेळ सोडण्याची मुभा. लेखी परीक्षेत उत्तर येत नसले तर विद्यार्थी जागा रिकामी सोडतो, कारण दुसरे काही करण्याजोगे नसते. येथे मात्र ‘मला येत नाही’ असे म्हणण्याला किंमत आहे, आणि ती रुपयांत मोजता येते.

अंकगणित आणि भय

ती किंमत मोजून पाहिली असता एक विलक्षण गोष्ट दिसते. तीन लाख वीस हजारांच्या टप्प्यावर पोहोचलेल्या स्पर्धकाने अकरावा प्रश्न सोडण्याचे कारणच नाही. उत्तर चुकले तरी त्याची रक्कम कमी होत नाही. सहा लाख चाळीस हजारांवरून साडेबारा लाखांच्या प्रश्नाला सामोरे जाताना उत्तराची खात्री सुमारे ३४ टक्के असली, तरी हिशेबाने पुढे खेळणे फायद्याचे ठरते. पन्नास लाख हाती असताना एक कोटीच्या प्रश्नासाठी हेच प्रमाण सुमारे ४८ टक्के येते. म्हणजे दोनच पर्याय उरले असतील आणि दोहोंपैकी कोणता बरोबर याची कल्पना नसेल, तरीही निव्वळ सरासरीच्या हिशेबाने उत्तर देणे किंचित लाभाचे आहे.

प्रत्यक्षात अशा वेळी बहुतेक स्पर्धक खेळ सोडतात, आणि ते अविचारी ठरत नाहीत. सरासरीचा हिशेब शंभर वेळा खेळणाऱ्याला लागू पडतो. स्पर्धकाला संधी एकदाच मिळते. उत्तर चुकल्यास ४६ लाख ८० हजार रुपये हातचे जातात. महिना दहा हजार रुपये मिळविणाऱ्या कुटुंबाची ती ३९ वर्षांची कमाई होय. मिळणाऱ्या दुसऱ्या पन्नास लाखांनी आयुष्यात जेवढा फरक पडेल, त्याहून कितीतरी अधिक फरक हातातले पन्नास लाख गेल्याने पडतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचे हेच सूत्र आहे. तेवढ्याच रकमेच्या लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक तीव्र वाटते. प्रयोगशाळेत हे लहान रकमांवर पाहावे लागते; ‘हॉट सीट’वर ते आयुष्यभराच्या कमाईवर दिसते.

‘लाइफलाइन’चा वापर हाही निर्णयाचाच भाग आहे. प्रेक्षकांच्या कौलाला अनेक स्पर्धक कमी लेखतात. जेम्स सुरोविकी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द विझडम ऑफ क्राउड्स’ या पुस्तकात अमेरिकी आवृत्तीचे आकडे दिले आहेत. त्यांनुसार दूरध्वनीवरील जाणकार मित्राचे उत्तर सुमारे ६५ टक्के वेळा बरोबर आले, तर स्टुडिओतील प्रेक्षकांचे ९१ टक्के वेळा. हे आकडे शास्त्रीय प्रयोगातील नाहीत आणि प्रेक्षकांकडे बहुधा सोपे प्रश्न जातात, हे ध्यानात घेतले तरी त्यामागील कारण समजण्याजोगे आहे. शंभर प्रेक्षकांपैकी दहाच जणांना उत्तर ठाऊक असले आणि उरलेल्या नव्वदांनी अंदाजाने बटण दाबले, तर त्यांची मते चारही पर्यायांत जवळपास सारखी विभागली जातात. जाणकारांची दहा मते मात्र एकाच पर्यायावर पडतात आणि तो पर्याय पुढे येतो. ही युक्ती फसते ती चुकीचा एखादा पर्याय सर्वांनाच बरोबर वाटत असेल तेव्हा. म्हणूनच कठीण प्रश्नांसाठी प्रेक्षकांचा कौल राखून ठेवणे शहाणपणाचे ठरत नाही.

विश्वासाचा प्रश्न

अमेरिकेतील जुन्या प्रकरणात कपट आयोजकांचे होते. ब्रिटनमध्ये २००१ साली संशय स्पर्धकावर आला. लष्करातील मेजर चार्ल्स इंग्रॅम यांनी दहा लाख पौंडांच्या प्रश्नापर्यंत मजल मारली आणि त्याचेही उत्तर बरोबर दिले. परंतु योग्य पर्यायाचा उच्चार होताच स्टुडिओतून खोकल्याचा आवाज येत असल्याचे ध्वनिमुद्रणात आढळले. बक्षीस रोखण्यात आले. इंग्रॅम, त्यांची पत्नी आणि प्रतीक्षेत बसलेला एक स्पर्धक यांना २००३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. इंग्रॅम दांपत्याने आपण निर्दोष असल्याचेच सांगितले. ज्या खेळात क्षणभराच्या घुटमळण्यालाही अर्थ असतो, तेथे खोकलादेखील पुरावा होऊ शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

जिंकल्यानंतर

भारतीय आवृत्तीतील पहिला कोट्यधीश मराठी होता. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत असताना ऑक्टोबर २००० मध्ये ‘हॉट सीट’वर आले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची अनुमती राज्यघटना कोणाला देते, हा त्यांच्यापुढील अखेरचा प्रश्न होता. ‘महान्यायवादी’ हे त्याचे उत्तर. घटनेच्या ८८व्या अनुच्छेदानुसार महान्यायवादी दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मात्र त्याला मताधिकार नसतो. अभ्यासाच्या टेबलावरचा हा तपशील एक कोटी रुपयांचा ठरला. नवाथे पुढे नागरी सेवेत गेले नाहीत. व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन त्यांनी उद्योगक्षेत्रात नोकरी पत्करली. बक्षिसाने त्यांचा मार्ग बदलला, पण तो मोडला नाही.

बिहारमधील मोतिहारीचे सुशील कुमार यांची कहाणी अधिक खडतर आहे. रोजगार हमी योजनेत संगणकचालक म्हणून महिना सहा-साडेसहा हजार रुपयांवर काम करणारा हा तरुण २०११ मध्ये पाच कोटी रुपये जिंकणारा पहिला स्पर्धक ठरला. निकोबार बेटांवरील हक्क १८६८ मध्ये ब्रिटिशांना विकून कोणत्या वसाहतवादी सत्तेने भारतातून काढता पाय घेतला, या प्रश्नाचे ‘डेन्मार्क’ हे उत्तर देताना एक कोटी रुपये त्यांच्या हाती होते. ते सोडून देण्याचे धाडस त्यांनी केले. पुढील वर्षांचा वृत्तान्त त्यांनी स्वतःच २०२० मध्ये समाजमाध्यमावर लिहिला. मदतीच्या नावाखाली झालेली फसवणूक, व्यसने, घरातील ताणतणाव आणि मग शिक्षकी व वृक्षारोपणाच्या कामात गवसलेली स्थिरता असा तो प्रवास आहे. चंपारण्यात चाफ्याची रोपे लावण्याची त्यांची मोहीम आज त्यांची ओळख बनली आहे. पाच कोटींच्या प्रश्नाला ‘लाइफलाइन’ होती. पाच कोटी मिळाल्यानंतरच्या प्रश्नांना ती नव्हती.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे २०१९ मध्ये एक कोटी रुपयांच्या मानकरी ठरल्या. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवीत आणि त्यांचे मानधन महिना दीड हजार रुपये होते. घरात सर्वांत मिळून एकच मोबाइल असल्याने आपल्यासाठी मोबाइल घ्यावा, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखविली होती. सात कोटींच्या प्रश्नाला त्या थांबल्या. कुठे थांबावे हे कळणे, हेही या खेळातील यशच होय.

जिंकलेली रक्कम संपूर्ण हाती पडत नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. अशा बक्षिसांवर आयकराचे नेहमीचे टप्पे लागू न होता सरसकट ३० टक्के दराने कर आकारला जातो आणि तो मुळातच कापला जातो. एक कोटीच्या बक्षिसावर मूळ करच तीस लाख रुपये होतो. अधिभार आणि उपकर त्याहून वेगळे.

मराठी आवृत्ती

‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने हा खेळ २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली मराठीत आला. २०१६ मध्ये स्वप्नील जोशी यांनी ती धुरा सांभाळली. २०१९ मध्ये ‘कोण होणार करोडपती’ या नावाने दिग्दर्शक नागराज मंजुळे स्पर्धकांसमोर बसले आणि त्यानंतर खेडेकर पुन्हा परतले. मातृभाषेत प्रश्न आल्याने, उत्तर ठाऊक असूनही हिंदी-इंग्रजीच्या धास्तीने मागे राहणाऱ्यांना ‘हॉट सीट’ जवळची झाली.

हिंदी कार्यक्रमात बक्षिसाच्या रकमा वाढत गेल्या, नियम बदलले, सुरुवातीच्या प्रश्नांना घड्याळ लागले. मात्र वरच्या पायरीवरील प्रश्नांना वेळेचे बंधन घातले गेले नाही. तेथे स्पर्धकाला हवा तेवढा वेळ मिळतो, कारण त्या वेळात तो उत्तर आठवत नसतो. आपल्याला नेमके किती ठाऊक आहे, हे तो स्वतःला विचारीत असतो.