डबल शॉकअप

"मामा, रविवारी मोकळा आहेस का? ठाण्याला एक सायकल बघायला जायचंय. जुनी आहे, पण फुल सस्पेन्शन!"

भाच्याचा फोन. मी डोंबिवली सुटलेल्या गाडीत दारापाशी लोंबकळत होतो, त्यामुळे 'बघू' म्हणून फोन ठेवला. घरी पोचेपर्यंत ताईचाही फोन येऊन गेला होता. "तू बरोबर जा. आणि नीट बघ. मागच्या वेळी तूच घ्यायला लावली होतीस."

मागची वेळ म्हणजे 2011. पोरगा दहा वर्षांचा होता आणि त्याला पुढेमागे शॉकअप असलेली सायकल हवी होती. मी मामा म्हणून दिलदारपणे घेऊन दिली. मागच्या शॉकअपच्या नावाखाली सीटखाली एक जाडजूड लाल स्प्रिंग होती, बस्स. उसळी मारायची आणि मारतच राहायची, कारण उसळी आवरायला आत तेलबिल काही नव्हतंच. वजन असं की जिन्यावरून उचलताना ताईची कंबर धरली. दोन पावसाळ्यांनंतर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकली ती टेकलीच.

आता तोच पोरगा कमवायला लागलाय. सहा महिन्यांच्या स्टायपेंडमधून 30,000 रुपये बाजूला टाकलेत. त्याचं म्हणणं असं, की चांगली नवी फुल सस्पेन्शन सायकल घ्यायची तर लाखाच्या वर जावं लागतं. मग वीसेक वर्षांपूर्वीची, पण खरी, नावाजलेल्या कंपनीची, अमेरिकेहून कुणीतरी बरोबर आणलेली सायकल 28,000 ला मिळत असेल तर का सोडा? वर आणि, "कल्याणच्या खड्ड्यांना डबल शॉकअपच पाहिजे मामा." यावर काय बोलणार!

खरं सांगतो, सायकल बघायच्या आधीच माझा कौल जुनीच्या बाजूने होता. त्याला कारण आहे. माझ्या भावंडांना ते ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी लिहितो.

आमचे बाबा मोहोन्याला एनआरसीत कामाला होते. (ती कंपनी 2009 साली बंद पडली. तो वेगळाच विषय, पुन्हा कधीतरी.) पारनाक्याहून मोहोने, शहाडवरून, रोज जाऊन-येऊन. पाळी कुठलीही असो, वाहन एकच. 1964 साली एका सोबत्याकडून 85 रुपयांना घेतलेली जुनी हिंद सायकल. ही हिंद म्हणजे आपल्या मुंबईचीच, वरळीला कारखाना होता. इंग्रज असताना सायकली यायच्या त्या बहुतेक विलायती, रॅले, बीएसए, हर्क्युलस, फिलिप्स. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कारखाने उभे राहिले. 1949 साली मद्रासकडे टीआय, आसनसोलला सेन-रॅले, 1951 साली सोनीपतला ॲटलस, 1956 साली लुधियान्याला हीरो. हिंद आणि सेन-रॅले पुढे डबघाईला आल्या आणि 1980 साली सरकारने एकाच कायद्याने दोन्ही ताब्यात घेतल्या. त्यानेही काही झालं नाही.

पण गंमत बघा. हिंद गेली तरी बाबांची सायकल चालतच राहिली. कारण तिच्यात हिंदचं असं काही उरलंच नव्हतं! चेन लुधियान्याची, रिम कुठलीतरी, टायर दुसऱ्याच कुणाचा, छर्रे तर वजनावर मिळायचे. पारनाक्याजवळचे सायकलवाले काका दर दोन वर्षांनी ती उघडी करायचे, कप-कोन बघायचे, ग्रीस भरायचे, कॉटर पिन ठोकायचे, रिमचा आउट काढायचे, की पुन्हा सायकल नवी. 1885 च्या रोव्हर सायकलीने जो साचा घालून दिला, पाचदहा वर्षांत त्याचा जो चौकोनी सांगाडा पक्का झाला, तो पुढे फारसा कुणी हलवलाच नाही. त्यामुळे जुनी सायकल घेणं म्हणजे आपल्याकडे एक सांगाडा घेणं. बाकी सगळं गावात मिळायचं.

ती सायकल मी 1996 साली भंगारवाल्याला दिली. किलोवर. मोटरसायकल घेतली होती, जिन्याखाली जागा नव्हती. बाबा संध्याकाळी घरी आले, जिन्याखाली बघितलं, आणि हातपाय धुवायला आत गेले. काही बोलले नाहीत. नंतरही कधी नाही.

तर असा मी, जुनी सायकल म्हटली की घायकुतीला येणारा. ठाण्याला जायच्या आधी चार रात्री जागून या फुल सस्पेन्शनचा इतिहास वाचून काढला. खरं तर मनात ठरलेल्या गोष्टीला पुरावे गोळा करायचे होते.

सायकलीला स्प्रिंगा बसवायची कल्पना मुळीच नवी नाही. 1885 सालीच इंग्लंडमध्ये 'विपेट' नावाची स्प्रिंगच्या सांगाड्याची सायकल निघाली होती. त्या काळी टायर भरीव रबराचे आणि रस्ते दगडी. हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून स्प्रिंगा. मग 1888 साली बेलफास्टच्या डनलप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पोराची तीनचाकी नीट चालावी एवढाच मूळ हेतू. हवेने हादरे खाल्ले, आणि स्प्रिंगांचं काम संपलं. पुढची शंभर वर्षं अधूनमधून हौशी लोक सोडले तर सायकलीला स्प्रिंग असलीच तर सीटला. बाबांच्या ब्रूक्ससारख्या चामडी सीटला मागे दोन होत्या, बसलं की कुईकुई करायच्या.

स्प्रिंगा परत आल्या त्या डोंगरामुळे. आणि ही गोष्ट वाचताना मी अक्षरशः टुणकन उडालो, कारण डोंगरातली सायकल जन्मालाच आली ती जुन्या बाजारातून! कॅलिफोर्नियात मॅरिन काउंटी म्हणून भाग आहे, तिथे तॅमल्पायस नावाचा डोंगर. 1970 च्या दशकात तिथली टवाळ पोरं भंगारातून जुन्या श्विन सायकली उचलायची. या सायकली महायुद्धाच्या आधीच्या, पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी बनवलेल्या, 26 इंची चाकं आणि 1933 साली श्विनने आणलेले जाड फुगीर टायर. त्या घेऊन डोंगरावरून खाली सुसाट. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून तिथल्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976. पुढच्याच वर्षी त्यातल्या जो ब्रीझने याच कामासाठी नवा सांगाडा बनवला. 1981 साली स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर आली, ती जपानात बनून. 1989 साली मोटरसायकलच्या शर्यतींत काम केलेल्या पॉल टर्नरने रॉकशॉक्स नावाने हवा-तेलावर चालणारा पुढचा चिमटा विकायला काढला. आणि 90 च्या दशकात मागच्या चाकालाही शॉकअप, बिजागऱ्या, दांडे, सगळं आलं.

मी खूश. म्हणजे जुनी घ्यावी हीच परंपरा! भाच्याला रात्री साडेअकराला फोन करून हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, झोप आता."

पण पुढचं वाचलं आणि जरा घोळ व्हायला लागला. चिमट्यात तेल आलं तिथेच ती सायकल आपल्या सायकलीच्या घराण्यातून उठून मोटरसायकलच्या घराण्यात गेली होती. रोव्हरचा साचा जसा शंभर वर्षं टिकला तसं इथे काहीच टिकलं नाही. 26 इंची चाकं जाऊन आधी 29 इंची आणि मग साडेसत्तावीसची आली. चिमट्याची नळी सरळ होती ती खाली जाड झाली. मागचा एक्सल 135 मिलिमीटरचा होता, तो 142 झाला, मग 148. मागच्या शॉकअपची मापं 2016 साली बदलली. हॅण्डल रुंद झाले, चिमटा पुढे कलला, पुढच्या तीन चकत्यांची एक झाली. यातले काही बदल खरंच चांगले आहेत, हे कबूल करायला हवं. जुन्या फुल सस्पेन्शनवर चढाला पॅडल मारलं की अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यातच जायचा, आणि उतारावर तोंडावर पडू की काय असं वाटायचं. ते आता पुष्कळ सुधारलंय. काही बदल मात्र निव्वळ जुना माल मोडीत काढायला केलेत असा मला दाट संशय आहे, पण असो.

आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा. पोलादाला एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा द्या, ते दाद देत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही. प्रत्येक हादऱ्याचा हिशोब ते मनात ठेवतं. मग वीस वर्षांची सायकल किती हादरे खाऊन आलीय हे कुणी सांगावं?

रविवारी घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत गेलो. विकणारा गृहस्थ सज्जन होता, चहा दिला. सायकल दिसायला अशी देखणी की मी सगळं वाचलेलं विसरलो. भाचा तर नुसता बघत उभा. दोघांनी चक्कर मारली. मागचा शॉकअप बसला की उठतच नव्हता. "हवा भरली की होईल," ते गृहस्थ म्हणाले, आणि त्यांनी खास बारीक पंप काढून भरलीही. दहा मिनिटांत पुन्हा खाली. सील गेलेले. या जुन्या मॉडेलचे सील मागवायचे कुठून याचा त्यांनाही पत्ता नव्हता.

मी तरी म्हणालो, "घेऊ. आपले काका करतील काहीतरी." खरंच म्हणालो. भाव 20,000 पर्यंत उतरवायची मनात तयारीसुद्धा केली.

भाच्याने खिशातून फडकं काढलं. मागचा दांडा बिजागरीला जिथे जोडलेला होता तिथली धूळ पुसली, मोबाइलची बॅटरी लावली आणि मला जवळ बोलावलं. रंगावर केसाएवढी रेघ. नखाने चाचपली, तर नख अडकत होतं. "हा ओरखडा नाही मामा." गृहस्थही वाकून बघायला लागले, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नसावं. त्यांचा मुलगा शाळेला जाताना ती चालवायचा म्हणे.

परत येताना गाडीत मी गप्प होतो. मुंब्र्याच्या पुढे भाचा म्हणाला, "तुला आजोबांच्या सायकलीचं वाईट वाटतं, म्हणून तू घेणार होतास ना?" ताईने सांगितलं असणार. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर खाडी होती, बरी होती.

शेवटी महिनाभराने त्याने डोंबिवलीतून सायकल घेतली. तीही जुनीच, पण चारच वर्षांची, मागे शॉकअप नसलेली, 29 इंची, 24,000 ला. मागे बिजागऱ्या नाहीत, म्हणजे झिजायला तेवढ्या जागा कमी. पारनाक्याच्या काकांकडे नेली. त्यांनी डिस्क ब्रेककडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यात तेल कुठलं?" भाच्याने सांगितलं. काकांनी वहीत लिहून घेतलं. वय वर्षं 74.

परवाच्या रविवारी हा पठ्ठ्या एकटाच मलंगगडाकडे गेला, आणि परतताना नेवाळीजवळ टायर बसला. महायुद्धातल्या धावपट्टीचं ते नेवाळी. ट्यूब वॉल्व्हपाशीच फाटलेली, जादा ट्यूब घरी विसरलेली. नाक्यावर पंक्चरवाला होता, त्याच्याकडे या मापाची ट्यूब कुठून असणार! त्याने चाकाला हाताने माप घातलं, टपरीत गेला आणि दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीची 28 इंची ट्यूब घेऊन आला. दोन रिमांच्या व्यासात फरक जेमतेम बोटभर. ट्यूब थोडी दुमडून आत बसवली, वॉल्व्हही भोकात बरोबर बसला. भाच्याच्या महागड्या पंपाने मात्र त्यात हवा जाईना, ती पंक्चरवाल्याच्याच पायपंपाने भरली.

दुपारी दोनला तो घरी पोचला. ताईचा फोन, "आला एकदाचा." ट्यूब अजून तीच आहे.