खोताच्या दारात

खोती म्हटलं की जुलमी, मग्रूर खोत डोळ्यांसमोर येतो. खोत स्वभावाने भला होता की दुष्ट, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्याच्या हातात काय काय एकवटलं होतं, ते पाहायला हवं.

कोकणात गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी खोताची. कुळांकडून वसुली करणाराही तोच. पीक बुडालं तर भात उसनं आणायचं त्याच्याकडूनच, आणि सुगीला वाढीव मापाने फेडायचं. वर वेठ होतीच. जमीन, वसुली आणि कर्ज एकाच घरात. कुळाने दाद मागायची कुणाकडे? सरकारला मात्र ही सोय होती. १८८० च्या खोती कायद्याने खोत-कुळांचे हक्क कागदावर आणले, पण खोताला मधून काढलं नाही.

अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायचीच नाही. संप २५ गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. गिरणीच्या संपात पगार बुडतो, इथे घरातलं वर्षाचं भात बुडत होतं. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून माणसं तगली. खोताकडे नसलेली एकच गोष्ट त्यांच्याकडे होती, ती म्हणजे राबणारे हात. तेवढीच त्यांनी काढून घेतली.

एवढं सोसूनही खोती गेली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मंजूर झालं नाही. तेव्हा मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण पाहून मिळे. गरिबांतल्या बहुतेकांना तो नव्हताच. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं.

आज विषमतेवर बोलताना आपण कुणाकडे किती कोटी आहेत ते मोजतो. मोजायलाच हवं. पण त्यासोबत मला आणखी एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचंच दार ठोठवावं लागतं का? चरीच्या कुळांना दुसरं दार नव्हतं, म्हणून त्यांनी सुमारे सहा वर्षं हक्काच्या घासावर पाणी सोडलं.